गोटमारीच्या गावातील भाऊबीज

पांढुर्ण्याला माझी धाकटी बहीण दिली, त्याला पन्नासांहून अधिक वर्षे झाली. त्या काळी आमच्या ग्वाल्हेरच्या लष्करातील मराठी घरांतून मुली दिल्या जात त्या इंदूर, उज्जैन, देवास, फार तर झाशी-सागरपर्यंत. सातपुडा ओलांडून मुलगी द्यायची म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या मते तिला गंगेत सोडल्यासारखेच होते. त्यातून गाव पांढुर्णा! आत्याबाईंनी कुठूनसे ऐकले होते की त्या गावचे लोक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांना दगड मारतात. "अरे, दगड मारणाऱ्यांच्या गावात पोर देतोस?" असे त्यांनी वडिलांना देवघरासमोरच विचारले. वडील शांतपणे म्हणाले, "आक्का, आपल्याकडे लोक दगड मारत नाहीत काय? तिथे समोर उभे राहून मारतात, इतकेच."

वडिलांचे ते बोलणे मी तेव्हा विनोद म्हणून ऐकले. त्याचा खरा अर्थ कळायला मला २०२३ सालची भाऊबीज उजाडावी लागली. ती हकीकत सांगण्यासाठीच आज लेखणी हातात घेतली आहे. ती माझ्या फारशी भूषणाची नाही, हे आधीच कबूल करतो.

ज्यांनी गोटमार पाहिली नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. नदीच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि मग दिवसभर दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव चालतो. पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघेही पात्रातच गतप्राण झाले, अशी दंतकथा सांगतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि सकाळी एकमेकांची डोकी फोडणारे लोक तिथे एकत्र हात जोडतात. या प्रथेचे मी कौतुक करीत नाही. त्या दगडांनी माणसे मेली आहेत, अनेक जन्माचे अधू झाले आहेत. सरकारने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि पुन्हा दगड उचलले.

तर २०२३ साल. त्या वर्षी दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक हातात हात घालून आली होती. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, भाऊबीज १५ ला आणि मतदान १७ ला. ऑक्टोबरातच पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळे निघून जिल्ह्याचे ठिकाण झाले होते आणि सौंसर त्या नव्या जिल्ह्यात गेले होते. बाजारात आंबिया बहाराची संत्री येत होती. मी धनत्रयोदशीला बहिणीच्या घरी उतरलो, तेव्हा अंगणात आकाशकंदील लागला होता आणि बैठकीत टीव्ही.

बहिणीच्या घरचा टीव्ही हा एक स्वतंत्र प्रकार आहे. हिंदी बातम्या लागल्या की मध्य प्रदेशचे राजकारण, मराठी बातम्या लागल्या की महाराष्ट्राचे. मत द्यायचे एका राज्यात आणि जीव गुंतलेला दुसऱ्या राज्याच्या भाषेत, अशी त्या मुलखाची जन्मजात ओढाताण. घरातही दोन पक्ष. भाचा एका पक्षाचा, भाचेसून दुसऱ्या पक्षाची. कोण कोणाकडचे ते मी सांगणार नाही, कारण पुढच्या वर्षीही मला तिथे ओवाळून घ्यायचे आहे. बहीण कोणत्याच पक्षाची नाही. ती न्यायाधीश.

त्या रात्री जाहिरातींचा नुसता भडिमार चालला होता. एक संपली की दुसरी, आणि बहुतेकींत स्वतःचे गुणगान थोडे, दुसऱ्याचे वाभाडे अधिक. काळोखी गल्ली, कर्कश संगीत, विरोधी पुढाऱ्याचे मुद्दाम काळवंडलेले चित्र, कुणी डोळे पुसणारी बाई, कुणी कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. लहानपणी भुतांच्या गोष्टी सांगताना आजी आवाज खोल करी, तसाच त्या जाहिरातींतील निवेदकाचाही आवाज. भाचा एका जाहिरातीला हसे, भाचेसून दुसरीला. बहीण मात्र पडद्याकडे बारीक नजरेने पाही आणि निकाल देई. एका जाहिरातीत घरात दाणा नाही म्हणून रडणारी बाई पाहून ती म्हणाली, "दाणा नाही म्हणते, अन् लुगडं तर कालच घडी मोडल्यासारखं दिसतं!" दुसऱ्या जाहिरातीतल्या शेतकऱ्याने कुदळ धरलेली पाहून भाचा स्वतःच ओरडला, "आई, यानं जन्मात कुदळ धरली नाही!" त्याच्याच पक्षाची जाहिरात होती ती. पण शेती करणाऱ्या माणसाला कुदळीवरचा खोटा हात सोसवेना.

मला मोठी मौज वाटली. पुढारी समजतात की जनता जाहिरात पाहते आणि भुलते. प्रत्यक्षात दहा बाय बाराच्या त्या खोलीत एक न्यायालय भरलेले असते. आरोप होतो, त्यावर उलटतपासणी होते, साक्षीदाराचे लुगडे तपासले जाते, आणि बहुतेक वेळा खटला हशात निकालात निघतो. आपल्या लोकांना हा खेळ नवा नाही. विदर्भातल्या खड्या गंमतीत आणि कलगी-तुऱ्याच्या फडांत आपल्या आजोबा-पणजोबांनी सवाल-जबाब ऐकले, एका शाहिराने दुसऱ्याची रेवडी उडवलेली रात्ररात्र पाहिली. टाळी कुणाला द्यायची आणि विश्वास कुणावर ठेवायचा, या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्या श्रोत्यांना चांगले ठाऊक होते.

हे दगड टीव्हीवर आले त्यालाही फार दिवस झाले नाहीत. १९९४ च्या केबल नियमांनी राजकीय जाहिरातींना टीव्हीचे दार बंद केले होते. मार्च २००४ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो नियम बाजूला सारला आणि १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: जाहिरात दाखवा, परंतु आधी निवडणूक आयोगाच्या समितीकडून तपासून प्रमाणपत्र घ्या. मान्यताप्राप्त पक्षाने आणि उमेदवाराने प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी सात दिवस. मतदान संपण्याच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास तर टीव्हीवर प्रचार अजिबात नाही. ही समिती म्हणजे, मला वाटते, दगडांऐवजी रबरी चेंडू वाटणारी कचेरी. कधी कधी ती खरोखरच दगड काढून घेते. एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेच्या वेळी काँग्रेसची 'चौकीदार चोर है' ही जाहिरात भाजपच्या तक्रारीवरून मध्य प्रदेशातल्या निवडणूक अधिकाऱ्यांनी थांबवली होती.

एवढे असूनही दगड उलटतो, आणि तो कसा उलटतो हे आम्हा लष्करकरांइतके कुणाला ठाऊक असणार? २०१८ च्या विधानसभेच्या वेळी भाजपने घोषणा काढली, 'माफ करो महाराज, हमारा नेता तो शिवराज'. महाराज म्हणजे ज्योतिरादित्य शिंदे, तेव्हा काँग्रेसचे. आमच्या गल्लीत ती घोषणा ऐकली की जुनी माणसे कानावर हात ठेवीत. राजकारणाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, तेही म्हणत, "मते मागा, पण 'माफ करो' म्हणून भिकाऱ्यासारखे हाकलता कशाला?" उलट माझी बहीण फोनवर मजेत सांगे की पांढुर्ण्याची पोरे क्रिकेट खेळताना बाद झालेल्याला 'माफ करो महाराज' म्हणून निरोप देतात! एकाच घोषणेने एका गावी काळीज दुखावे आणि दुसऱ्या गावी खेळ रंगावा, अशी गत. निकाल लागला तेव्हा काँग्रेसच्या ११४ जागा आल्या, भाजपच्या १०९.

त्या घोषणेची खरी कथा पुढेच आहे. मार्च २०२० मध्ये शिंदे भाजपमध्ये गेले. ज्या शिवराजसिंहांच्या नावाने महाराजांना माफी मागून वाटेला लावले होते, त्यांनीच 'स्वागत है महाराज, साथ है शिवराज' असे लिहून त्यांचे स्वागत केले. बावीस आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथांचे सरकार गेले आणि २३ मार्चला शिवराजसिंह पुन्हा मुख्यमंत्री झाले. यमकही तेच आणि माणसेही तीच, बदलला तो एक शब्द. आमच्या शेजारच्या ऐंशी वर्षांच्या गृहस्थांनी ती बातमी वाचून वर्तमानपत्र घडी करून ठेवले आणि म्हणाले, "आपण उगीच कानावर हात ठेवले हो. त्यांना तर काहीच लागले नव्हते!"

यानंतर मला सौंसरची एक आठवण सांगावीशी वाटते. बहिणीचे थोरले दीर सौंसरला राहत. निवृत्त पोस्टमास्तर, जामसावळीच्या मारुतीचे भक्त. २०१४ च्या ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे दोन दिवस मुक्कामाला होतो. महाराष्ट्रात विधानसभेची धामधूम होती, १५ ऑक्टोबरला मतदान होते. सौंसरच्या घरी टीव्हीवर मराठी वाहिनी लागलेली. दर थोड्या वेळाने भाजपची जाहिरात येई आणि तोवरच्या काँग्रेस-राष्ट्रवादी राजवटीला उद्देशून प्रश्न विचारला जाई, 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' त्या प्रश्नाचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहेच. विनोदवीरांनी तो रस्त्यातल्या खड्ड्यांपासून घरातल्या हरवलेल्या चष्म्यापर्यंत कशालाही जोडला, आणि भाजप सत्तेवर आल्यावर विरोधकांनी तोच उचलून सरकारला विचारला. पण त्या दिवशी पोस्टमास्तर पानाचा विडा लावीत बसले होते. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि टीव्हीलाच उत्तर दिले, "चेकपोस्टच्या पलीकडे नेऊन ठेवलाय, बाबा! छप्पन साली!"

सगळे हसले, आणि मग कुणी काही बोलेना. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्याकडे गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसे नव्या मध्य प्रदेशात राहिली. पोस्टमास्तर तेव्हा शाळकरी पोर होते. जाहिरात करणाऱ्याने तो बाण मुंबईच्या सत्ताधाऱ्यांवर सोडला होता. तो सातपुड्याच्या पायथ्याशी विडा लावणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या काळजात रुतेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार. 'माझा' हा शब्द ज्याच्या वाट्याला आलाच नाही, त्यालाही तो ऐकू जात होता. टीव्ही सीमा ओळखत नाही, आणि भाषा तर त्याहून ओळखत नाही.

महाराष्ट्रात पुढे आणखी एक तमाशा झाला. राज्य सरकारने २०१७ मध्ये 'होय, मी लाभार्थी' अशी जाहिरात केली होती. मेळघाटातल्या हरिसालला 'डिजिटल गाव' केल्याचा तिच्यात गाजावाजा होता. एप्रिल २०१९ मध्ये राज ठाकरे यांनी सभांतून 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सरकारच्याच चित्रफिती दाखवायला सुरुवात केली. सोलापूरच्या सभेत तर त्या जाहिरातीत झळकलेल्या हरिसालच्या तरुणालाच त्यांनी व्यासपीठावर उभे केले. चित्रातला माणूस चित्रातून उठून आला! अवघा महाराष्ट्र 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणू लागला. पांढुर्ण्यात माझी बहीणसुद्धा कुकरची शिट्टी झाली की सुनेला म्हणे, "लाव रे तो कुकर!" आणि निकाल? लोकसभेच्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेनेला गेल्या. ठाकरे यांच्या पक्षाने त्या वेळी उमेदवारच उभे केले नव्हते, हे खरे, तरीही हशा आणि मत यांत केवढे अंतर असते ते त्यावरून दिसले.

परदेशांतही हाच अनुभव. अमेरिकेत ७ सप्टेंबर १९६४ रोजी जॉन्सन यांच्या पक्षाने एक जाहिरात पैसे देऊन फक्त एकदाच दाखवली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या मोजते, तिच्या आकड्यांत उलटी मोजणी मिसळते आणि अणुबाँबचा लोळ उठतो. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचे नावही त्यात नव्हते, पण सारा देश ओळखून चुकला आणि आजही ती विसरलेला नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात कार्ली फिओरिना यांच्या जाहिरातीत तर प्रतिस्पर्ध्याला मेंढराचे कातडे पांघरलेला, लाल डोळ्यांचा, चार पायांवर रांगणारा राक्षस करून दाखवले. लोक पोट धरधरून हसले. त्या पक्षांतर्गत लढत जिंकल्या आणि मुख्य निवडणुकीत हरल्या. तेव्हा असल्या विचित्र प्रकारांचे पेटंट काही आपल्याकडेच नाही.

इथवर माझे मत मोठे आशावादी होते. लोकांना खेळ कळतो, लोक हसतात, आपल्या मनाप्रमाणे मत देतात. मग चिंता कशाची? आता माझ्या चुकीकडे येतो.

२०२३ साली दगडांची जात बदलली होती. त्या वर्षी जूनमध्ये भोपाळच्या भिंतींवर 'करप्शन नाथ' म्हणून कमलनाथांची भित्तिपत्रके लागली. ती कुणी लावली यावरून दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखवले. लगोलग छिंदवाड्यासह अनेक शहरांत शिवराजसिंहांचे चित्र, मोबाइलने पैसे देण्याचा चौकोनी ठसा आणि 'पन्नास टक्के लाओ' असा मजकूर असलेली भित्तिपत्रके दिसू लागली. आपले चिन्ह विनापरवाना वापरल्याबद्दल फोनपे या कंपनीलाच जाहीर हरकत घ्यावी लागली. निवडणूक जवळ आली तशी 'कौन बनेगा करोडपती'ची एक चित्रफीत फिरली. तिच्यात यजमानांचा आवाज बनावट घालून शिवराजसिंहांना 'घोषणा मशीन' म्हटले होते. वाहिनीने ती खोटी असल्याचे सांगितले. आणि उलट बाजूने कमलनाथांच्या तोंडी 'लाडली बहना' योजना बंद करण्याचे बोलणे घातलेली एक चित्रफीत निघाली. तोही आवाज बनावट होता, असे बातम्यांची पडताळणी करणाऱ्यांनी दाखवून दिले. या मालाला ना समितीचे प्रमाणपत्र, ना कर्त्याचे नाव.

ही दुसरी चित्रफीत धनत्रयोदशीच्या रात्री माझ्या मोबाइलवर येऊन पडली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवली होती. मी चाळीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवले, 'वाचलेले तपासून पाहा' असे हजारदा सांगितले. पण त्या रात्री पोटात अनारसे गेलेले, मनात खुशी. ताटावर बसल्या बसल्या मी ती लावली. हल्ली ऐकू कमी येते म्हणून आवाज मोठा केला आणि वर स्वतःची टिप्पणी जोडली, "घ्या! आता बायकांचे पैसे बंद करणार म्हणतात!" भाचा म्हणाला, "मामा, पाहू जरा." मी पुढच्या चित्रफितीकडे वळलो होतो.

मागच्या पडवीत कामाला येणारी बाई भांडी घाशीत होती, हे मला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर माहीत होते, पण लक्षात नव्हते. दोन्हीत फार फरक आहे असे नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. ऐन दिवाळीत खाडा, म्हणून बहीण अस्वस्थ झाली. इकडे भाच्याने सकाळीच मोबाइलवर शोध घेऊन मला सांगितले, "मामा, कालची तुमची चित्रफीत खोटी आहे. आवाज बनवलेला आहे." मी म्हणालो, "असेल. हल्ली काय काय निघते!" आणि चहा मागितला. दुपारी शेजारणीकडून कळले की बाई भल्या सकाळी बँकेच्या कियॉस्कवर जाऊन रांगेत उभी राहिली. योजना बंद झाली की दिलेले पैसेही सरकार खात्यातून परत काढून घेईल, अशी तिला भीती पडली. महिन्याचे साडेबाराशे रुपये ती मुलीच्या फीसाठी साठवीत होती. ते सगळे काढून तिने घरी आणून पिठाच्या डब्यात ठेवले. दिवस गेला. संत्र्याच्या तोडीलाही तिला त्या दिवशी जायचे होते, ती मजुरी बुडाली.

संध्याकाळी बहीण माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिने मला काही सुनावले नाही. एवढेच म्हणाली, "दादा, चप्पल घाल. सावरगावला जाऊन येऊ."

जामेचा पूल ओलांडून आम्ही तिच्या घरी गेलो. दारात पणत्या होत्या. मुलगी रांगोळी काढीत होती. मी उंबऱ्याशीच उभा राहून सांगितले की ती चित्रफीत खोटी होती, कुणीतरी खोडसाळपणाने आवाज बनवला होता, तुझे खात्यातले पैसे कुणी परत काढणार नाही. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली,

"गुरुजी, टीव्हीवर सारे खोटं बोलतेत, हे मलेबी समजते. टीव्हीचं मी मनावर घेत नाही. पण हे तं तुमच्या हातात होतं ना."

मला उत्तर सुचले नाही. सुचण्यासारखे उत्तर नव्हतेच. टीव्हीवरच्या पुढाऱ्याला ती ओळखत होती. त्याचा हेतू, त्याचे मेंढराचे कातडे, सगळे तिला दिसत होते. मला मात्र ती गुरुजी म्हणून ओळखत होती. त्या बनावट आवाजाला जे प्रमाणपत्र कोणत्याही समितीने दिले नसते, ते मी अनारसा खाता खाता देऊन टाकले होते.

मी बुडालेली मजुरी तिच्यापुढे केली. बहिणीला वाटले ती नाकारील. तिने मोजून घेतली आणि म्हणाली, "खाडा झाला माझा, म्हणून घेते." मला त्या व्यवहाराने बरे वाटले. तिने मोठेपणा दाखवून पैसे परत केले असते, तर माझी चूक स्वस्तात सुटली असती.

परतताना पुलावर बहीण थांबली. खाली जामेच्या पात्रात धोंडे दिसत होते, त्यांतलेच पोळ्यानंतर हातांत येतात. मला वडील आठवले. समोर उभे राहून मारलेला दगड दिसतो, चुकवता येतो, मारणारा ओळखता येतो. टीव्हीवरच्या जाहिरातीही तशाच. कितीही विचित्र असोत, त्या चारचौघांत पाहिल्या जातात, चारचौघांत हसल्या जातात, आणि त्यांच्या खाली पक्षाचे नाव असते. मोबाइलमधून आलेल्या दगडाला काठ नाही आणि मारणाऱ्याला तोंड नाही. तो एकेकट्या माणसाच्या कानाशी येतो, आणि येतो तो आपल्याच ओळखीच्या, आपल्याच विश्वासाच्या हाताने. बहिणीच्या बैठकीत भरणारे न्यायालय तिथे भरत नाही. मी स्वतः भाच्याला 'पाहू जरा' म्हणण्याइतकाही वेळ दिला नव्हता.

निकालाचे सांगायचे तर, डिसेंबरात राज्यात भाजपने १६३ जागा जिंकल्या, काँग्रेसला ६६ मिळाल्या. सौंसर-पांढुर्ण्यासह जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातही जागा मात्र काँग्रेसकडे गेल्या. आणि सहाच महिन्यांनी लोकसभेत त्याच छिंदवाड्यात भाजप निवडून आला. एकच टीव्ही, त्याच जाहिराती, माणसेही तीच. लोक आपापला हिशेब करतात आणि तो जाहिरातवाल्यांना शेवटपर्यंत कळत नाही, असेच मला अजूनही वाटते. पण हिशेब करायला खरे आकडे हातात लागतात. ते बिघडवण्याचे काम पुढाऱ्यांवर सोडून आपण नामानिराळे राहू शकत नाही, एवढे मी त्या दिवाळीत शिकलो.

भाऊबीजेच्या संध्याकाळी सहा वाजता प्रचार संपला. टीव्हीवर जाहिरातींची जी कोल्हेकुई महिनाभर चालली होती ती एकाएकी थांबली आणि चहाच्या आणि साबणाच्या जाहिराती परत आल्या. भाचा म्हणाला, "कसं ओकंओकं वाटतं नाही?" भाचेसून पहिल्यांदाच त्याच्याशी सहमत झाली. बहिणीने पाट मांडला, निरांजन लावले आणि मला ओवाळले.

ती बाई फराळाचा डबा न्यायला आली होती. दाराशी उभी राहून ओवाळणे पाहत होती. माझ्या खिशातला मोबाइल नेमका तेव्हाच वाजला. मी तो काढला, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागले.

"गुरुजी," ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "काही आलं असन तं आधी भाऊले दाखवा. मंग मले सांगा."

तेव्हापासून मी तसेच करतो. ग्वाल्हेरहून पांढुर्ण्याला भाच्याला फोन लावतो, विचारतो, आणि मगच शेजाऱ्याला सांगतो. दहातल्या नऊ गोष्टी सांगायच्या राहून जातात. त्यावाचून कुणाचे काही अडलेले नाही.